चौथा ग्लास: ब्लाइंड टेस्टिंगमध्ये फसलेली मी आणि बुरशीला न जुमानणारी द्राक्षं

मधुरा_ऱ्हाइनकाठ

नमस्कार मंडळी. धागा वाईनचा आहे, ज्यांना विषयाचं वावडं आहे त्यांनी पाककृती विभागात आजच कुणीतरी टाकलेली अळूवडी बघावी, छान आहे.

तर झालं असं. मी कार्ल्सरुहला राहते. शनिवारी ऱ्हाइन ओलांडून लांडाऊजवळच्या एका खेड्यात गेले होते, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची तिथे द्राक्षबाग आहे. त्यांच्या तळघरात दरवर्षी ब्लाइंड टेस्टिंग असतं. सहा बाटल्या, सगळ्या आजींनी विणलेल्या लोकरीच्या मोज्यांत गळ्यापर्यंत घातलेल्या, मोज्यावर खडूनं नंबर. सगळ्या लाल, सगळ्या त्याच भागातल्या, ओळखायची ती द्राक्षाची जात. आजोबांनी आधीच सांगून टाकलं की सहात एक 'पीवी' आहे, ती कुठली ते सांगणाऱ्याला एक पेटी फुकट. (पीवी म्हणजे बुरशीजन्य रोगांना दाद न देणाऱ्या जाती, मूळ लांबलचक जर्मन शब्दाचं हे लघुरूप, इकडे सगळे असंच म्हणतात.)

मला वाटलं हे तर सोपंय. अशा जाती म्हणजे युरोपातल्या व्हिनिफेराचा (वाईनचं नेहमीचं द्राक्ष) अमेरिकन किंवा आशियाई रानटी द्राक्षांशी कधीतरी केलेला संकर, मग वास कुठेतरी चमत्कारिक असणारच. म्हणून मी नाक खुपसून चमत्कारिक वास शोधत बसले. दुसऱ्या ग्लासात सापडला! तबेला, ओलं कातडं, जुनी गोधडी. लगेच कागदावर '२ = पीवी' लिहिलं, दोन रेघा मारल्या आणि पेटी गाडीत कुठे ठेवायची याचा विचार करत पुढे गेले.

चौथा ग्लास मी फार कौतुकानं प्यायले होते. रंग असा की पांढऱ्या कागदावर ग्लास कलता धरला तरी मधल्या भागातून कागदावरची अक्षरं दिसेनात, कडेला जांभळी झाक. वास काळ्या चेरीचा, पिकलेल्या करवंदांचा, मागे किंचित चुरगळलेल्या पानासारखं काहीतरी. तोंडात मऊ, आंबटपणा बेताचा. जीभ दाखवली तर जांभळं खाऊन आल्यासारखी. मी लिहिलं डॉर्नफेल्डर. ही जर्मनीतली १९५५ ची जात, रंगासाठी प्रसिद्ध, आणि रोगाच्या बाबतीत काही खास नाही.

मोजे काढले. दुसरी होती पोर्तुगीजर, म्हणजे इथली जुनी साधी व्हिनिफेरा, पिंपात ब्रेट नावाचं यीस्ट शिरल्यामुळे तबेल्याचा वास मारत होती. चौथी होती रीजेंट. तीच पीवी.

प्रश्न असा की कुणी अशा जाती चवीवरून खात्रीनं ओळखल्यात का? की ते शक्यच नाही? पेटी एका पंचविशीतल्या पोरानं नेली आणि तो म्हणे "अंदाजे लिहिलं".

खवचट

एवढं नाक घातलंत आणि बक्षीस अंदाजपंचे दाहोदरसेवाल्यानं नेलं, हे सगळ्या परीक्षांचं सार आहे. बाकी गोधडीचा वास असलेलं पेय लोक पैसे देऊन पितात हे नव्यानं कळलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बागाईतदार_निफाड

ताई, माझी निफाड तालुक्यात बाग आहे, खायची द्राक्षं, थॉमसन आणि थोडी शरद. वाईनचं मला काही कळत नाही आणि घेतही नाही, पण 'बुरशीला दाद न देणारी' वाचून थांबलो. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे पंचेचाळीस दिवस औषध फवारायचा ब्लोअर थंड होत नाही. आणि त्यात एकदा का अवकाळी लागला, रात्री पाऊस सकाळी ऊन, की फुलोऱ्यातला घड डाउनीनं दोन दिवसात जातो, पुस्तकात केवडा लिहितात ते हेच, आम्ही सगळे डाउनीच म्हणतो. पाऊस थांबून गार कोरडं पडलं की भुरी, ती दुसरी बुरशी, हजरच. तेव्हा ग्लासाचं जाऊ द्या, मला एवढंच सांगा की त्या आजोबांना या रीजेंटवर औषधं किती मारावी लागतात?

मधुरा_ऱ्हाइनकाठ

@बागाईतदार दादा, विचारलं होतं. बहुतेक वर्षी दोन-तीन, फुलोऱ्याच्या आगेमागे. अजिबातच मारलं नाही असं नाही करत, कारण ते पुढे सांगते. बाजूच्याच तुकड्यात पोर्तुगीजर आहे, तिथे ते सरळ "मोजायचं सोडून दिलं" म्हणाले. २०२१ चा उन्हाळा इकडे भयंकर ओला गेला, त्या वर्षी तांबं आणि गंधकावर भिस्त असलेल्या बऱ्याच ऑरगॅनिकवाल्यांचं केवड्यानं कंबरडं मोडलं. त्यांची पोर्तुगीजर जवळजवळ गेली, रीजेंट पिंपापर्यंत पोचली.

जर्सीकर

मस्त धागा. मधुरा, तुझ्या रीजेंटच्या आईबापांपैकी एक आमच्या गल्लीतला आहे :)

रीजेंटचा संकर १९६७ चा, गेरहार्ड अलेवेल्ट यांनी गाइलवाइलरहोफच्या संस्थेत केलेला, ती संस्था झीबेलडिंगेनला म्हणजे तू गेलीस तिथून हाकेच्या अंतरावर. एक बाजू 'डायाना' (सिल्वानर आणि म्युलर-थुर्गाऊ), दुसरी बाजू 'शांबुर्सां'. लागवडीची परवानगी मिळेपर्यंत नव्वदीचं दशक उजाडलं, द्राक्षात नवी जात म्हणजे एका माणसाची नोकरी सुरू होऊन संपते. आणि शांबुर्सां ही फ्रेंच जात, पण आज ती फ्रान्समध्ये शोधावी लागते आणि इकडे न्यू जर्सी-पेनसिल्वेनियात कुठल्याही छोट्या वायनरीत मिळते. इथला उन्हाळा म्हणजे कोकणातला जून, घामट. व्हिनिफेरा लावणारे सतत फवारत असतात, शांबुर्सांवाले त्या मानानं निवांत.

ओळखण्याबद्दल: मी शांबुर्सां दहातल्या सहा वेळा ओळखतो. पण चुकीच्या वासावरून नाही. तुरटपणावरून. रंग बघून वाटतं आता घट्ट तुरट काहीतरी जिभेवर बसणार, आणि ते येतच नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं.

कोकमसरबत

शेवटची पायरी!! काय वर्णन आहे. मधुराताई, तुमच्या चौथ्या ग्लासात तसं झालं होतं का?

मधुरा_ऱ्हाइनकाठ

आता जर्सीकरांनी सांगितल्यावर आठवतंय की हो. माझ्या कागदावर चक्क लिहिलंय, "तुरट सुरुवातीला, मग कुठे गेलं?" आणि त्यापुढे मी मूर्खासारखी लिहिते "छान, मऊ" आणि पुढे जाते. खूण समोर होती, मी तिला चांगला गुण समजले. मी तर दोष शोधायला निघाले होते ना.

रसायनी

उशिरा आलो, पण इथे माझ्या कामाचं आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडा.

ती नसलेली पायरी कुठे जाते ते बऱ्यापैकी माहीत आहे. संकरित जातींच्या गरात काही प्रोटीन व्हिनिफेरापेक्षा जास्त असतात, झाड रोगाशी लढायला वापरतं त्याच कुळातली. साली-बियांतून टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, सुटतं आणि ते या प्रोटीनला चिकटून तळाशी बसतं. म्हणून अशा वाईनमध्ये वायनरीवाले वरून टॅनिनची पावडर टाकतात तरी ते टिकत नाही, पिंपाच्या बुडात जातं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर चांगलं काम झालंय. घरचं उदाहरण हवं असेल तर कडक कोरा चहा प्या, जिभेला कशी ओढ बसते बघा, मग त्यात दूध घाला. दुधातल्या प्रोटीननं तीच ओढ धरून ठेवली. मधुराताई, तुमचा चौथा ग्लास म्हणजे दूध घातलेला चहा होता, फक्त दूध दिसत नव्हतं.

पण थांबा, सगळ्या पीवी अशा नसतात. रीजेंट त्यातल्या त्यात भरदार असते. फ्रायबुर्गची काबर्ने कॉर्टिस आहे, तिच्यात काबर्ने सोव्हिन्योंचं रक्त, तिथे तुरटपणा बरा असतो आणि हिरव्या मिरचीचा वास येतो. प्रतिकारशक्तीला स्वतःची अशी चव नाही. तुम्ही ओळखता ते खानदान.

प्रयोगशाळेत मात्र एक जुनी युक्ती आहे. व्हिनिफेराच्या लाल रंगद्रव्याच्या रेणूवर साखरेचा एकच तुकडा लटकलेला असतो, अमेरिकन द्राक्षांत दोन. कारण दुसरा तुकडा जोडणारं एन्झाइम ज्या जीनवरून बनतं तो व्हिनिफेरात मोडका आहे. मग पन्नासच्या दशकापासून यावरूनच चोऱ्या पकडायला लागले, वाईनवर ठराविक रसायनं टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायची, हिरवट चमकली की आत संकरित द्राक्ष आहे. आजही आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला १५ मिलिग्रॅम अशी आहे. रीजेंट यात सापडते. पण पुढच्या पिढीत व्हिनिफेराशी परत परत संकर होत गेला की मोडका जीनच वारशात येऊ शकतो आणि दिवा गप्प बसतो, झाड मात्र रोगाला तसंच झुंजतं.

नवखी

पण चोऱ्या का पकडायच्या? संकरित असलं तर बिघडलं काय? प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा.

रसायनी

बाळबोध नाही, मुद्द्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतून भुरी, मग फायलॉक्सेरा (वेलीच्या मुळांना लागणारी कीड), मग १८७८ च्या सुमारास केवडा, असे पाहुणे युरोपात ओळीनं उतरले. लोकांनी घाबरून अमेरिकन वेली आणि संकर लावले, पीक प्रचंड आलं, भाव पडले, आणि काहींची चव खरंच वाईट होती. फ्रान्सनं १९३४ च्या शेवटी कायदा करून नोआ, इझाबेल, क्लिंटन वगैरे सहा जातींवर बंदीच घातली. तेव्हापासून 'संकर' म्हणजे हलकं हे डोक्यात बसलं ते बसलं. जर्मनीनं शक्कल लढवली, रीजेंटसारख्या जाती व्हिनिफेराच्या यादीतच धरल्या. युरोपियन युनियननं सगळ्यात कडक नियमांच्या प्रादेशिक नावाच्या (पीडीओ) वाईनसाठी संकरित जातींना उघडपणे दार किलकिलं केलं ते २०२१ मध्ये.

पणजीचो_पाव

त्या इझाबेलवरून सांगतो. तिचा वास ज्यांना माहीत नाही असं वाटतंय त्यांनी आपल्या बेंगलोर ब्लूची आठवण काढा. तेच घराणं, लाब्रुस्का, म्हणजे अमेरिकन द्राक्ष. आमच्या गोव्यातल्या स्वस्त गोड पोर्टमध्ये बरेचदा हीच असते. ख्रिसमसला शेजारच्या मावशी केकबरोबर बोटभर देत, तो वास अजून नाकात आहे, गोड, अत्तरासारखा, द्राक्षाच्या गोळीसारखा. विलायतेतले लोक याला कोल्ह्याचा वास म्हणतात. कोल्ह्यानं कधी त्यांना भेटून सांगितलं देव जाणे. मला आवडतो.

जर्सीकर

@पणजीचो_पाव +१. इकडे लहान मुलांच्या द्राक्षाच्या रसात आणि जेलीत हाच वास, काँकर्ड द्राक्षाचा. माझ्या मुलीला नाशिकची थॉमसन दिली तर म्हणाली "बाबा याला द्राक्षाचा वासच नाही".

बागाईतदार_निफाड

बेंगलोर ब्लूवरून आठवलं. आमच्या घरामागं आजोबांनी मांडवावर एक वेल चढवलेली, कर्नाटकातनं काडी आणलेली. तिला कुणी कधी पंप लावला नाही. मणी काळा, साल जाड, दाबला की आतला गर सुटून तोंडात येतो आणि साल बोटात राहते, आम्ही पोरं साली एकमेकांवर मारायचो. वास अख्ख्या पडवीला. पण एक सांगतो, लोकांना वाटतं जुनी रानटी वेल म्हणजे रोगच नाही, तसं नाय. तिच्यावर करपा मी कधी बघितला नाही, पण डाउनी यायची. दरवर्षी यायची. फक्त ती वेल विकायची नव्हती म्हणून आम्ही बघत नव्हतो.

म्हणून परत विचारतो ताई, तुमच्या रीजेंटचं पान उलटं करून बघितलं का? खालच्या बाजूनं पांढरी लव असते का?

मधुरा_ऱ्हाइनकाठ

दादा तुम्ही माझी परीक्षा घेताय :) नाही बघितलं, अंधारात तळघरात होते. आजोबांना फोन केलाय, पुढच्या रविवारी या म्हणाले.

खवचट

वाईनच्या धाग्यावर पान उलटं करायला सांगणारा माणूस मला आवडला. बाकीचे नुसते ग्लास उलटे करतायत.

कोकमसरबत

अवांतर: महाराष्ट्रात असं काही काम चालू आहे का? की आपण फक्त औषधं मारतोय?

रसायनी

आहे की. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एआरआय-५१६ नावाची जात काढलीय, एक बाजू लाब्रुस्का घराण्यातली कटावबा, दुसरी बाजू ब्यूटी सीडलेस. काळी, रसाळ, बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी प्रतिकारक, छाटणीपासून ११०-१२० दिवसांत तयार. रस, जॅम, रेड वाईन यासाठी सांगितली जाते. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका पण रसाची, गरापर्यंत लाल, पण तिची ओळख रंगाची आणि रसाची. नाशिकच्या वायनऱ्यांत मात्र शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लांक यांचीच चलती. बाटलीवर ओळखीचं नाव लागतं, नाहीतर गिऱ्हाईक हात लावत नाही. जर्मनीतही रीजेंटची रड तीच आहे.

बागाईतदार_निफाड

जर्मनीची काडी आणून इथं लावली की झालं असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, तिकडं झाड हिवाळाभर झोपतं. आमच्याकडं ते झोपतच नाही, आम्हीच एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी करून त्याला वर्ष शिकवतो. आत्ता जुलै, पाऊस चालूय, काडी पिकायची आहे आणि पानावर डाउनी बसलेली. शिवाय केवड्याला टिकली म्हणून करप्याला टिकेल असं नाही. पण काडी मिळाली तर एक ओळ लावून बघायला मी तयार आहे, हे पण लिहून ठेवा.

जर्सीकर

एक राहिलं. मधुरा म्हणाली की दोन-तीन फवारण्या तरी करतातच, "कारण पुढे सांगते", आणि पुढे सांगितलंच नाही.

मधुरा_ऱ्हाइनकाठ

सॉरी, राहून गेलं. आणि मी रविवारी जाऊन आलेय, तेव्हा सगळं एकत्रच लिहिते.

आधी पान. पोर्तुगीजरच्या तुकड्यात आजोबांनी कडेच्या एका वेलीला मुद्दाम औषध मारलेलं नव्हतं, आम्हाला दाखवायला. पानावर वरून तेलाचे डाग पडल्यासारखे पिवळट गोल, उलटं केलं तर बरोब्बर त्याच जागी पांढरी कापसासारखी लव, दादा म्हणाले तश्शीच. मग रीजेंट. उलटं करून करून मान दुखली, लव नाही. आजोबांनी भिंग दिलं तेव्हा दिसलं, पानाच्या खाली मोहरीहून बारीक तपकिरी टिंबं, कुणी पेनाचं टोक टेकवत गेल्यासारखी. बुरशी आत शिरते, शिरल्या शिरल्या झाड त्या जागच्या स्वतःच्या पेशी मारून टाकतं, आणि बुरशी जिवंत पेशीवरच जगते त्यामुळे तिथेच उपाशी मरते. म्हणजे रोग लागतच नाही असं नाही, लागतो आणि टिंबात संपतो. एका पानावर तर सव्वीस टिंबं मोजली मी.

आता फवारणी का. रीजेंटमध्ये हे करणारा मुख्य जीन एकच आहे, आरपीव्ही३, तो शांबुर्सांकडून आला. आणि बुरशीच्या काही वाणांनी तो चकवायला सुरुवात केलीय, युरोपात २०१० पासून तशा नोंदी आहेत. म्हणून आजोबा फुलोऱ्याच्या नाजूक दिवसात औषध मारून ठेवतात, जे चुकून टिकलेत ते वाढू नयेत. नव्या जातींमध्ये एकाच्या जागी दोन-तीन जीन घालतात, फ्रेंचांनी २०१८ मध्ये नोंदवलेल्या आर्ताबान आणि विदॉक या लाल जातींत आरपीव्ही३ च्या जोडीला मस्कडाइन द्राक्षाकडून आलेला आरपीव्ही१ आहे. आजोबांच्या भाषेत, दाराला एक कुलूप होतं, आता दोन लावतात.

आणि ब्लाइंड टेस्टिंग मी घरी परत केलं. नवऱ्याला ओतायला लावलं, तीन ग्लास, रीजेंट, डॉर्नफेल्डर, मर्लो. रंग बघून फसायला नको म्हणून स्टीलच्या पेल्यात, वास कमी येतो पण काय करणार, काळे ग्लास नाहीत घरात. रसायनींचा दूध-चहा डोक्यात ठेवला आणि नाकाचं ऐकायचंच नाही असं ठरवलं, घोट घ्यायचा, गिळायचा, जीभ टाळूला लावून दहा मोजायचे. मर्लो दहापर्यंत ओढत राहिली. रीजेंट चारावर सुटली. डॉर्नफेल्डर पण लवकर सुटली, पण तिचा आंबटपणा जास्त होता, त्यावरून वेगळी काढली. तिन्ही बरोबर!

मग नवऱ्यानं आगाऊपणा केला. मला न सांगता चौथा पेला आणला, ओढ सात-आठपर्यंत, व्हॅनिलाचा वास, मी छातीठोक सांगितलं मर्लो. ती आजोबांचीच रीजेंट होती, ओकच्या नव्या पिंपात मुरवलेली. तोपर्यंत मी तीन मैत्रिणींना फोन करून फुशारकी मारून झाली होती.

रसायनी

ओकच्या लाकडातून वेगळं टॅनिन येतं, शिवाय मुरताना प्रोटीन बरंचसं आधीच बसून गेलेलं असतं. तुमच्या नवऱ्यानं अगदी नेमका डाव टाकला, त्यांना माझ्यातर्फे एक चहा.

खवचट

दुधाचा की कोरा?

पणजीचो_पाव

स्टीलच्या पेल्यात वाईन! मावशींच्या घरीही ख्रिसमसला स्टीलच्याच वाट्या असायच्या, आज जागतिक दर्जाचं काहीतरी करत होतो हे कळलं.

बागाईतदार_निफाड

सव्वीस टिंबं मोजली ते फार बरं केलं. ताई, चवीचं तुमचं तुम्ही बघा, पण पुढच्या वेळी ग्लासाचा फोटो नको, भिंगाखालच्या त्या पानाचा टाका. दोन्ही बाजूंनी. पोराला दाखवायचाय, तो आत्ता डाउनीचं औषध आणायला पिंपळगावला गेलाय.